सासूबाई, शेंगा सोला

माईक चालू आहे का हे बघायला सगळं जग ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं. आमचे घरमालक ‘भडंग’ म्हणायचे. माईक तोंडापासून चार बोटांवर धरायचा, डोळे मिटायचे आणि पोटातून दणकून तेवढा एकच शब्द काढायचा. “हॅलोत काय दम हाय? वाऱ्यावर उडून जातंय ते,” असं त्यांचं म्हणणं. “भडंग म्हना. भ फुटतोय का, ड आपटतोय का, शेवटाला ग घुमतोय का बघा. झालं, माईक कळला.”

त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. मी शाळेत मराठी शिकवत होते, म्हणून मी त्यांची बाई. त्यांच्या निम्म्या वयाची असूनही मला त्यांनी कधी अगं-तुगं केलं नाही. चाळीस वर्षं त्यांचा साउंडचा धंदा होता. कुस्तीची मैदानं, प्रचाराच्या सभा, शाळांची गॅदरिंगं; माणसं जमायच्या आधी यांचे कर्णे खांबावर चढलेले असायचे. मी राहायला गेले तेव्हा धंदा आवरून झाला होता आणि कर्णे जिन्याखालच्या खोलीत एकात एक घालून ठेवले होते. तरी कुठल्या हॉलमध्ये आवाज घुमायला लागला की लोक यांनाच गाडीवर बसवून न्यायचे. हे कान टवकारून हॉलभर फिरायचे, चार कर्ण्यांची तोंडं फिरवायचे आणि पाहुणचार न घेता परत यायचे.

कुठल्याही खोलीत शिरताना ते आधी दारात उभे राहून टाळी वाजवायचे. आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐकायचं, मगच आत पाऊल टाकायचं. बँकेत टाळी, दवाखान्यात टाळी. एकदा गल्लीतले एक गृहस्थ वारले आणि चौथ्या दिवशी आम्ही सगळे भेटायला गेलो. आत बायका खाली मान घालून बसलेल्या, आणि हे दारात टाळ्या वाजवतायत. एक, दोन, तीन. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझा दंड इतका आवळला की वळ उठला. बाहेर आल्यावर त्या यांच्यावर तुटून पडल्या, तर हे गंभीरपणे म्हणाले, “खोली लई घुमाय लागलीया. कपाट हलवलंय त्यांनी.”

“आधी एकच टाळी मारायचे हो,” काकू मला म्हणाल्या. “हल्ली तीन-तीन मारत्यात. वय झालं की माणूस हट्टाला पेटतंय बघा.”

मी हसले. मला ती हसण्याचीच गोष्ट वाटली.

काकांचा मोबाईल शर्टाच्या खिशात कायम थरथरत असायचा. रिंग त्यांनी कधी ठेवलीच नाही. रिंग वाजवणारी माणसं त्यांच्या मते अडाणी. त्यांची अशी मतं बरीच होती आणि मी ती कौतुकानं नवऱ्याला सांगायचे.

मग एका उन्हाळ्यात आमच्या शाळेनं मराठी माध्यमाचे वर्ग बंद केले आणि मी घरी बसले. नवऱ्याची बदली गगनबावड्याला झाली होती, तो शनिवारी यायचा. दोन घरं कशाला चालवायची, खोली सोड आणि तिकडंच चल, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दिवाळीपर्यंत मला काम मिळालं नाही तर जायचं, असं ठरलं. मला जायचं नव्हतं. पंधरा वर्षं पोरांना वाचून दाखवण्यात घालवली होती, आता दिवसभर धुक्याकडे बघत नवऱ्याची वाट बघायची, या विचारानं मला अक्षरशः घाम फुटायचा. हे मी नवऱ्याला कधी नीट सांगू शकले नाही.

पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. ती मराठी पुस्तकं आवाजात काढत होती आणि तिला वाचणारी माणसं हवी होती. तीन मिनिटांचा डेमो घरीच रेकॉर्ड करून पाठवायचा, कारण पुढचं कामही घरूनच करायचं. सुरुवातीला पाच सेकंद नुसती शांतता हवी. फाईल जशी रेकॉर्ड झाली तशीच पाठवायची. नंतर सॉफ्टवेअरनं साफसूफ केलेली चालणार नाही.

आठवडाभर मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. प्रत्येक जण वेगळा माईक सांगत होता. शेवटी मी एक ठरवला. कंडेन्सर जातीचा, सरळ लॅपटॉपला लागणारा, सोनेरी जाळीचा. चूक एवढीच केली की जिन्यात काका भेटले तेव्हा तोंडातून ते निघून गेलं.

“एकट्या जाऊ नगासा,” ते म्हणाले. “मी चप्पल घालतो.”

शाहूपुरीतल्या त्या दुकानाच्या दारात त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग माझा सोनेरी माईक आणि आणखी दोन खोकी उघडायला लावून प्रत्येकात ‘भडंग’ झालं.

“काका, जरा लांब धरा की,” दुकानदार कळवळून म्हणाला. “थुंकी उडतीया. मला विकायचाय त्यो.”

“विका की. आमाला नगंच हाय.”

मी रडकुंडीला आले. “अहो काका, सगळे याला चांगला म्हणतात.”

“चांगलाच हाय. म्हनून तर नगं म्हनतोय,” काका म्हणाले. “त्येला सगळंच ऐकू येतंय. खालची गिरणी, रस्त्याच्या म्हशी, शेजारची भांडणं. आपल्याला त्यात फकस्त तुमी पायजे. जरा बहिरा माईक बरा आसतोय, बाई.”

शेवटी दुकानातून माईक लॅपटॉपला जोडायची एक छोटी डबी, एक वायर आणि कान पुरते झाकणारा हेडफोन एवढंच घेतलं. माईक काकांनी स्वतःचा दिला. जिन्याखालच्या खोलीतून, एका लोकरी मोज्यातून तो बाहेर आला. जाळी एका बाजूनं चेपलेली, रंग उडालेला. बहिरा माईक असल्यामुळे त्याचा आवाज डबीवर बराच वाढवावा लागायचा. आपला आवाज वाढवला की सोबत बाकीचंही वाढतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सॉफ्टवेअरवरून पुन्हा वाद झाला. पैसे भरून मिळणारं एक भारी सॉफ्टवेअर मी बघून ठेवलं होतं, शेवटी फुकटातलं साधं घेतलं. काकांना दोन्ही सारखीच नकोशी. रेकॉर्डिंग सुरू झालं की पडद्यावर आवाजाची रेघ फुगते, बारीक होते, ती बघून ते म्हणाले, “ह्यो नाग कशाला नाचतोय? आवाज बघायचा नसतोय बाई, ऐकायचा आसतोय.” आणि त्यांनी लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेवला. शिक्षा केलेल्या पोरासारखा तो चार दिवस तसाच उभा होता.

आतल्या खोलीत त्यांनी तंबू उभारला. आईनं शिरोळहून दोन वाकळा पाठवल्या, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेल्या, उचलताना कंबर धरेल अशा. काकूंच्या तीन. दोऱ्या बांधून त्या चारी बाजूंनी सोडल्या आणि आत खुर्ची, स्टूल, मी. पंखा बंद. तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, ती दुपारी दोन ते चार बंद असायची, तेवढाच वेळ आमचा. काका वाकळेबाहेर स्टुलावर बसून हेडफोनमधून ऐकायचे. वाचताना चुकले की माझ्या तोंडून “आयला, गेलं की” निघायचं.

“वाचताना तुमी पुण्याच्या आसतासा,” बाहेरून आवाज यायचा, “आन् चुकला की शिरोळच्या.”

चौथ्या दिवशी वाचन मनासारखं झालं. मी हेडफोन लावून ऐकायला लागले. सुरुवातीच्या पाच सेकंदांच्या शांततेत मला काहीतरी बारीक ऐकू आलं. लांब कुठं डास असावा तसं.

“काका, काही वाजतंय का हो मागं?”

त्यांनी हेडफोन घेतला, डोळे मिटले, दोन्ही हातांनी तो कानांवर दाबून धरला. बराच वेळ. “कायसुदिक न्हाय. चोख हाय.”

“पुन्हा एकदा ऐकता?”

“बाई,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं.”

वर्गातल्या शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकणारी मी, पण मी माझ्या कानाला गप्प बसवलं आणि फाईल पाठवून दिली.

आठ दिवसांनी सकाळी अकराला उत्तर आलं. वाचन आवडलं होतं. पण पार्श्वभूमीला अखंड बारीक शिट्टी ऐकू येते, अशी फाईल चालत नाही. उद्या निवड जाहीर करायची आहे, आज संध्याकाळी पाचपर्यंत स्वच्छ फाईल पाठवलीत तर विचार करू. मी ते तीनदा वाचलं. मी तशीच काकांना शोधत खाली गेले.

काकू मागच्या दारी पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. काका आत स्वयंपाकघरात, कुकरशेजारीच, पेपर वाचत होते. काकूंनी मला हाताला धरून बसवलं. माझं तोंड बघून त्यांना वाटलं असावं की मला गप्पांची गरज आहे.

“शेंगा सोलताना आईची लई सय येती मला,” त्या म्हणाल्या. “तुमाला म्हाईत न्हाय. आदी हे माईकवर भडंग न्हवते म्हनत. ‘सासूबाई, शेंगा सोला’ म्हनायचे. हज्जार माणसांत! चारी कर्ण्यांतनं! आई लाजून पदर तोंडाला लावायची. मग आई गेली, आन् पुढं ह्यांनी ते सोडलंच बघा. तोंडानं कदी बोलले न्हाईत, पर माझं मन राखलं त्यांनी.”

त्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यात आत कुकरनं शिट्टी दिली. मग दुसरी. “अहो, गॅस बंद करा की! किती झाल्या!” काकू ओरडल्या. तिसरी शिट्टी झाली. कुकरपासून दोन हातांवर बसलेल्या काकांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, ती ‘साखर’ला ‘आखर’ लिहायची. मी तिला दोनदा रागावले होते. पुढं तपासणीत कळलं की तिला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, पण त्यातले स आणि श गळतात, आणि शिट्टी तर नाहीच. मला त्या पायरीवर तीच आठवली. सासूबाई, शेंगा सोला. त्यात स-शची चार अक्षरं, चारही शिट्टीसारखी. आणि भडंगात त्यातलं एकही नाही. खिशात थरथरणारा मोबाईल, एकाच्या जागी तीन टाळ्या. काकूंचं मन राखायला त्यांनी ते वाक्य सोडलं नव्हतं. त्यांना ते ऐकू येईनासं झालं होतं. काकूंना मी काही बोलले नाही, उठून वर आले.

दोन वाजता गिरणी थांबली आणि काका आपणहून वर आले. “काय म्हनाले पुण्याचे?”

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. हेडफोन लावून ती फाईल ऐकली, एकदा, दोनदा. “कसली शिट्टी? हितं शिट्टी न्हाय. त्यांच्या मशिनीत आसंल.”

खोटं बोलावं असं मला वाटलं होतं. जिना चढताना तसं ठरवलंही होतं. पण गिरणी सुरू व्हायला दोनच तास होते, शिट्टी कुठून येते ते मला कळत नव्हतं, आणि घड्याळ बघून माझं डोकं फिरलं. पुण्याची मी तिथल्या तिथं संपले.

“हाय काका,” मी ओरडले. “शिट्टी हाय. तुमाला ऐकू येत न्हाय!”

काकांनी हेडफोन काढला. आपटला नाही. वायर गुंडाळून स्टुलावर ठेवला.

“मला कान शिकवतासा?” एवढंच म्हणाले आणि खाली गेले. त्यांची पावलं जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत मला ऐकू आली.

मग मी एकटीनं जे जे सुचलं ते केलं. फ्रीज बंद केला, दिवे घालवले, मोबाईल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. शिट्टी होतीच. सॉफ्टवेअरमधलं आवाज साफ करायचं बटण दाबून बघितलं, तर शिट्टी गेली आणि मी बादलीत तोंड घालून वाचतेय असं वाटायला लागलं. तसंही ते चालणार नव्हतंच. तीन वाजले, साडेतीन वाजले. मी दोनदा रडले, एकदा काकांवर आणि एकदा स्वतःवर. चार वाजता खाली गिरणी सुरू झाली आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. संपलं, मी म्हटलं. गगनबावडा.

चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. गिरणीचा पट्टा हळू होत होत थांबला. खालून बायकांचा गलका ऐकू आला. माझ्या मनात एकच आलं, की यांनी राग काढला. घर त्यांचं, मेन स्विच त्यांच्या जिन्याखाली. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. मी दार आपटून बाहेर आले आणि कठड्यावरून खाली वाकले.

जिन्याखाली काका एक हात मेन स्विचवर ठेवून उभे होते. समोर पीठ लागलेला गिरणीवाला आणि डबे घेतलेल्या चार-पाच बायका. “काका, लाईट लावा की! दळण आडकलंय!” काकांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरलं होतं. माझ्याकडे बघून ते म्हणाले,

“आसली शिट्टी चार्जरची आसती, बाई. लॅपटापाचा चार्जर कायम लावलेला आसतोय तुमचा. माज्या ध्यानात याला पायजे हुतं.” त्यांचा आवाज एरवीसारखा दणकट नव्हता. “आता चार्जर बी बंद हाय आन् गिरणी बी. जावा, वाचा. तुमी सांगस्तवर मी हितनं हलत न्हाय.”

माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेल्यात जमा होती, म्हणून चार्जर कधी काढायचा असतो हेच मी विसरले होते. धावत आत आले. बॅटरी अठ्ठ्याऐंशी दाखवत होती आणि बघता बघता ऐंशीवर आली. वाकळेच्या आत शिरले, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पाच सेकंद थांबले. डास नव्हता. काहीच नव्हतं. खालच्या बायकाही गप्प झाल्या होत्या. सगळं घर माझ्यासाठी श्वास धरून बसलंय हे मला कळत होतं, आणि त्यामुळेच दुसऱ्या मिनिटाला जीभ अडखळली. बॅटरी एक्केचाळीस. मी “आयला” म्हटलं नाही. पाणी प्यायले, पुन्हा पाच सेकंद थांबले आणि पहिल्यापासून वाचलं. संपलं तेव्हा बॅटरी अठरा होती. मोबाईलच्या नेटवरून फाईल मुंगीच्या पावलानं जात होती. पाचाला बारा कमी असताना ती पोचली आणि लॅपटॉपनं सात टक्के दाखवले.

“गेलं, काका!” मी जिन्यातून ओरडले.

त्यांनी खटका ओढला. गिरणी खोकून सुरू झाली आणि बायका पुन्हा बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी होकार आला. खोली राहिली, तंबू राहिला, आणि गगनबावड्याला शनिवारी मी जायला लागले. आता घर दुसरं आहे, पण तो चेपलेला माईक माझ्याकडेच आहे, त्याच मोज्यात. लोक विचारतात तेव्हा मी होकाराची गोष्ट सांगते. मला मात्र आठवते ती आदल्या दिवशीची, साडेपाचची वेळ.

काका वर आले. दारात टाळी न वाजवता सरळ आत आले आणि स्टुलावर बसले.

“ऐकवू?” मी विचारलं.

“नगं. दावा. त्यो तुमचा नाग.”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. जुन्या फाईलची पहिली पाच सेकंदं मोठी करून दाखवली. तिथं सुताएवढी रेघ लोकरीसारखी फुगलेली होती. मग नवी. सरळ, पातळ. त्यांनी मान हलवली. मग माईक हातात घेतला, तोंडापासून चार बोटांवर धरला. या वेळी डोळे उघडे होते आणि पडद्यावर होते. मी बटण दाबलं.

“सासूबाई,” ते म्हणाले, दणकून नाही, घरात बोलतात तसं. “शेंगा सोला.”

मी थांबवलं.

“ह्यातला स कुटला?”

मी ते वाक्य ताणून पडदाभर केलं. बाकी अक्षरांचे मोठाले डोंगर होते आणि त्यांच्या मधेमधे गवतासारखे दाट, बारीक झुबके. मी एका झुबक्यावर बोट ठेवलं. “हा.”

काका पुढे वाकले. माझं बोट त्यांनी हळूच बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं.

“एक,” ते म्हणाले. “दोन. ह्यो शेंगातला, तीन. आन् ह्यो चार. चारीच्या चारी हायत की.”

दारात काकू चहा घेऊन उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “इतक्या वर्सांनी! आज आईची सय आली व्हय?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांचं बोट अजून चौथ्या झुबक्यावरच होतं.

“व्हय,” ते म्हणाले. “लई दिवसांनी भेटल्या.”